पडद्याच्या अलीकडची परिचारिका

‘ई-संजीवनी’ या राष्ट्रीय दूरवैद्यक सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्या आकड्याचे देशभर कौतुक झाले. त्यानंतरही हा आकडा वाढतच गेला आहे. लाभ घेणाऱ्यांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, ही त्यातील विशेष समाधानाची बाब. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने घडवलेली ही प्रणाली आज जगातील मोठ्या सरकारी दूरवैद्यक सेवांमध्ये गणली जाते.

कौतुक योग्यच आहे. परंतु आकडा मोठा झाला की तो नेमके काय मोजतो, हे विचारण्याची सवय सुटते. दहा कोटी वेळा पडदा उजळला आणि पलीकडे डॉक्टर दिसले, एवढे त्या आकड्यावरून कळते. पडद्याच्या अलीकडे, रुग्णाच्या शेजारी कोण होते, त्या व्यक्तीने काय तपासले, आणि पडदा मालवल्यानंतर रुग्णाचे पुढे काय झाले, हे मात्र कळत नाही. ग्रामीण दूरवैद्यकाचे खरे यश किंवा अपयश याच न मोजलेल्या भागात ठरते. आणि त्या भागात उभी असते ती उपकेंद्रातील परिचारिका.

या सेवेची गरज का भासली, हे आधी पाहिले पाहिजे. सरकारी निकषांनुसार सपाट प्रदेशात सव्वा लाखाच्या जवळपास, म्हणजे १,२०,००० लोकसंख्येमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावे आणि तेथे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, भिषक आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ असावेत. महाराष्ट्रात ‘ग्रामीण रुग्णालय’ म्हणून ओळखली जाणारी संस्था साधारण याच पायरीवरची. केंद्र सरकारच्या ‘ग्रामीण आरोग्य सांख्यिकी २०२१-२२’ या अहवालानुसार देशातील अशा केंद्रांत आवश्यकतेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के, भिषकांची ७९.१ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२ टक्के उणीव होती. थोडक्यात, जेथे पाच तज्ज्ञ हवेत तेथे एक आहे. ही पोकळी काही वर्षांत भरून निघण्याजोगी नाही. तज्ज्ञ घडायला दशकभर लागते, आणि घडलेला तज्ज्ञ शहराकडेच ओढला जातो.

मग तज्ज्ञाला गावी नेण्याऐवजी त्याचा सल्ला गावी न्यावा, ही कल्पना पुढे आली. ती भारतात नवी नाही. २००० साली आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातल्या अरगोंडा या गावी दूरवैद्यक केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने रुग्णालये जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. त्या काळात सारे लक्ष जोडणीवर होते: तबकडी कोठे बसवायची, चित्र किती स्पष्ट येते, संपर्क किती वेळ टिकतो. ते स्वाभाविकच होते, कारण तेव्हा अडसर तोच होता. आज बहुतेक ठिकाणी संपर्काची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. त्यामुळे तिच्यामागे झाकलेली दुसरी अडचण आता उघडी पडली आहे. संपर्क जुळला, तरी त्या संपर्कातून पाठवायचे काय?

या प्रश्नाची एक बाजू निव्वळ भौतिकशास्त्राची आहे. कॅमेरा प्रकाश वाहून नेतो, ध्वनिग्राहक आवाज वाहून नेतो. स्पर्श, दाब, उष्णता आणि गंध यांतले काहीही तारेतून जात नाही. पोट कडक आहे की मऊ, पायावरची सूज बोटाने दाबल्यावर खळगा पडतो की नाही, कपाळ तापले आहे की गार पडले आहे, हे पडद्यावर दिसत नाही. जे दिसते तेही पूर्ण विश्वासार्ह नसते. पापणीच्या आतला फिकेपणा किंवा डोळ्यांतला पिवळेपणा खोलीतल्या दिव्याच्या रंगावर आणि कॅमेऱ्याच्या आपोआप होणाऱ्या रंगदुरुस्तीवर अवलंबून राहतो.

आवाजाचेही तसेच. हृदयाच्या ठोक्यांचे मुख्य ध्वनी बहुतांशी २०० हर्ट्‌झच्या खालचे असतात. दूरध्वनीची जुनी व्यवस्था मात्र माणसाचे बोलणे समजावे एवढ्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्‌झचा पट्टा वाहून नेत असे. आजच्या दृक्‌श्राव्य संभाषणात पट्टा रुंद झाला आहे, पण बोलण्याखेरीजचा प्रत्येक आवाज ‘गोंगाट’ समजून गाळून टाकणारी सोय त्यात भरलेली असते. छातीवर फोन धरून हृदय ऐकवता येत नाही, याचे कारण हे आहे. त्यासाठी वेगळा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप लागतो, आणि तो योग्य जागी, योग्य दाबाने धरणारा हात लागतो.

हा हात परिचारिकेचा असतो. सहा महिन्यांचे बाळ खोकत आहे, असे समजा. पडद्यावर ते आईच्या कुशीत शांत दिसते. न्युमोनियाची शंका घ्यायची की नाही, हे बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजून ठरते. दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास असतील, तर ते जलद मानावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले, किंवा बाळ रडत असताना मोजले, तर आकडा चुकतो. डोके दुखते म्हणून आलेल्या गर्भवतीचेही असेच. चेहरा टवटवीत असू शकतो. पण रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक निघाला आणि लघवीत प्रथिन सापडले, तर आई व बाळ या दोघांच्याही जिवाशी गाठ आहे. पट्टा दंडाला नीट न बांधता, स्त्री धापा टाकत आल्याबरोबर रक्तदाब घेतला, तर पलीकडच्या नामवंत तज्ज्ञाचा सल्लाही त्या चुकीच्या आकड्यावर उभा राहतो.

म्हणजे परिचारिका येथे कॅमेरा लावून देणारी मदतनीस नसते. तज्ज्ञाला जी माहिती मिळते, ती घडते तिच्या हाताखाली. तज्ज्ञाची बुद्धी कितीही तल्लख असो, तिच्यापर्यंत पोचणारे निरीक्षण कच्चे असेल तर निदानही कच्चेच राहणार.

हे ओळखून उभारलेली एक व्यवस्था भारतातच आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने २००४ पासून तमिळनाडूच्या ग्रामीण भागात लहान दृष्टी केंद्रे सुरू केली. थेनी जिल्ह्यातील आरंभीच्या केंद्रांसाठी बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी दूर पल्ल्याचे वायफाय जाळे उभारून दिले, आणि तंत्रज्ञानाच्या जगात चर्चा झाली ती त्या जाळ्याची. पण केंद्र चालवते ती गावाकडचीच, संस्थेने सुमारे दोन वर्षे प्रशिक्षण दिलेली नेत्रतंत्रज्ञ तरुणी. ती दृष्टी तपासते, स्लिट लॅम्पखाली डोळा पाहते, निरीक्षणे नोंदवते आणि मगच मुख्य रुग्णालयातील डॉक्टर पडद्यावर येतात. बऱ्याच रुग्णांना चष्म्याचीच गरज असते आणि तो केंद्रातच मिळतो. शस्त्रक्रियेची गरज असेल त्याला कोठे, कधी जायचे हे तेथेच ठरते. सल्ला, साधन आणि पुढची वाट या तिन्ही गोष्टी एका छताखाली असल्यामुळे डॉक्टरांची काही मिनिटे पुरेशी ठरतात.

हृदयविकाराच्या झटक्यातही हेच दिसते. २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि दिल्लीचे एम्स यांनी ‘मिशन दिल्ली’ सुरू केले. त्यात प्रशिक्षित परिचारकांची जोडी मोटारसायकलवरून रुग्णाच्या घरी पोचते, ईसीजी काढून डॉक्टरांकडे पाठवते आणि त्यांच्या देखरेखीखाली तेथेच उपचार सुरू करते. ही योजना महानगरातील, पण तत्त्व तेच. गोव्यात गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला मध्यवर्ती मानून परिघावरील सरकारी केंद्रे ईसीजीच्या जाळ्याने जोडण्यात आली. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध जितके लवकर दिले जाते, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. अशा वेळी दूरच्या हृदयरोगतज्ज्ञाचे ‘औषध द्या’ हे शब्द तेव्हाच मोलाचे, जेव्हा औषध त्या खोलीत आहे आणि ते देण्याचे धैर्य व कौशल्य असलेली व्यक्तीही तेथे आहे.

उलट बाजूचा पुरावाही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावा असा आहे. हरियाणा आणि कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एमवेलकेअर’ नावाची मोठी यादृच्छिक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या संशोधनपत्रिकेत आले. उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या सुमारे ३,७०० रुग्णांचा तीत समावेश होता. एका गटात परिचारिका टॅबलेटवर माहिती भरत आणि त्यावरून संगणक डॉक्टरांना उपचाराचा सल्ला सुचवी. दुसऱ्या गटात संगणक नव्हता, पण कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलेले होते. वर्षअखेरीस रक्तदाब दोन्ही गटांत खाली आला होता, आणि दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही चाचणी तज्ज्ञाशी दृक्‌श्राव्य संभाषणाची नव्हती, त्यामुळे तिचा निष्कर्ष दूरवैद्यकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही तिचा इशारा स्पष्ट आहे. प्रशिक्षित माणसे आधीच कामाला लागली असतील, तर त्यांच्या हाती पडदा दिल्याने आपोआप आणखी लाभ होतोच असे नाही.

याच्या शेजारी ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ ठेवून पाहावा. महाराष्ट्रासह पाच राज्यांतील मोजक्या जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली आणि २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्याची सूत्रे साधी होती: उपचाराचा एकच सोपा आराखडा, औषधांचा खात्रीचा पुरवठा, परिचारिकांसह सर्व कर्मचाऱ्यांमध्ये कामाची वाटणी, रुग्णाच्या घराजवळ सेवा आणि न आलेल्या रुग्णाचा माग काढणारी नोंद. डोळे दिपवणारे असे यात काही नाही. पण जुनाट आजारात जीव वाचतो तो अशाच नीरस सातत्याने.

मग धोरणात परिचारिकेचे स्थान कोठे आहे? २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत होणाऱ्या सल्ल्याला स्पष्ट मान्यता दिली. परिचारिका, एएनएम वा तत्सम कर्मचारी रुग्णाला तपासून डॉक्टरांशी जोडू शकतो. रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. औषध लिहून देण्याची जबाबदारी डॉक्टरांचीच राहते. त्याआधी, २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने उपकेंद्रांचे आरोग्य व कल्याण केंद्रांत रूपांतर करून तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण केले होते. परिचर्येची पदविका वा पदवी आणि सहा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण, ही या पदाची मुख्य वाट. काही राज्यांत आयुर्वेद पदवीधरांनाही ती खुली आहे. हीच केंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणून ओळखली जातात. कागदावर, म्हणजे, चौकट तयार आहे.

प्रत्यक्षात या चौकटीवर दोन बाजूंनी आक्षेप येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला आक्षेप वैद्यकीय व्यावसायिकांचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ मधील कलम ३२ ने मर्यादित परवान्याच्या समुदाय आरोग्यसेवकांची तरतूद केली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संघटनेने देशभर निदर्शने केली. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण सोपवले जातील, ही त्यामागची भीती. दुसरा आक्षेप याच्या नेमका विरुद्ध दिशेचा. शहरातल्या श्रीमंताला प्रत्यक्ष तज्ज्ञ आणि खेड्यातल्या गरिबाला पडदा, असा हा दुजाभाव असून सरकारला तज्ज्ञांची रिकामी पदे तशीच ठेवायला तो एक सोयीचा बहाणा मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्यावर सिझेरियन करता येत नाही, भूल देता येत नाही, फुटलेले आंत्रपुच्छ काढता येत नाही. शल्यचिकित्सकांची ८३ टक्के उणीव दूरवैद्यकाने एका टक्क्यानेही कमी होणार नाही. दूरवैद्यक शस्त्रक्रिया लवकर ओळखू शकते, रुग्णाला योग्य ठिकाणी वेळेत धाडू शकते. ती करणारे हात शेवटी जवळच्या रुग्णालयात असावेच लागतात. म्हणून पदभरतीला पर्याय म्हणून दूरवैद्यकाकडे बोट दाखवणारा युक्तिवाद वैज्ञानिकदृष्ट्या पोकळ आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र परिचारिकेचा अधिकार संदिग्ध ठेवण्यात नाही. तो नेमका आखून देण्यात आहे. आज होते असे, की रात्री उपकेंद्रात आलेल्या रुग्णासाठी निर्णय तिलाच घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी कागदोपत्री तो निर्णय घेण्याचा तिला अधिकारच नव्हता असे निघते. काम करायचे पण अधिकार नाही, आणि चूक झाली तर दोष मात्र पदरात, ही स्थिती रुग्णालाही घातक आहे. कोणती तपासणी ती स्वतः करील, कोणते पहिले औषध आराखड्यानुसार ती देऊ शकेल, कोणत्या लक्षणांवर सल्ल्याची वाट न पाहता ती रुग्णवाहिका बोलावील, हे आजारागणिक लिहून ठेवता येते. १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा मागे टाकून २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व सूतिकाविद्या आयोगाचा कायदा झाला आहे. या प्रश्नाला हात घालण्याची ही योग्य वेळ आहे.

त्याबरोबर चार गोष्टी बदलल्या पाहिजेत.

पहिली, मोजमाप. सल्ल्यांची संख्या हे उद्दिष्ट झाले की संख्या वाढते, आणि उपचार होतातच असे नाही. समुदाय आरोग्य अधिकारी बहुतांशी कंत्राटी आहेत व त्यांच्या मानधनाचा एक भाग कामगिरीवर ठरतो. ज्याच्या मिळकतीला आकडा बांधला आहे, त्याच्याकडून तो आकडा फुगवला जाण्याचा मोह व्यवस्थाच निर्माण करते. त्याऐवजी पूर्ण झालेल्या उपचारांची मोजदाद व्हावी: सुचवलेले औषध मिळाले का, पाठवलेला रुग्ण रुग्णालयात पोचला का, महिन्याने रक्तदाब आटोक्यात आला का.

दुसरी, औषध. केंद्रात कोणती औषधे आहेत हे सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला पडद्यावरच दिसले पाहिजे. जे औषध चाळीस किलोमीटरवर मिळते, ते लिहून देणे म्हणजे रुग्णाला पुन्हा त्याच प्रवासाला धाडणे, जो टाळण्यासाठी ही सारी खटपट केली.

तिसरी, ओळख. प्रत्येक वेळी वेगळा तज्ज्ञ समोर आला, तर परिचारिकेच्या निरीक्षणावर किती भिस्त ठेवावी हे त्याला कळत नाही, आणि शंका विचारण्याइतका मोकळेपणा तिलाही येत नाही. ठरावीक केंद्रांना ठरावीक तज्ज्ञ जोडून दिले, तर काही महिन्यांत दोघांत एक कामाची भाषा तयार होते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, शिक्षण. प्रत्येक सल्ला हा परिचारिकेसाठी एक धडा होऊ शकतो. भारतात जन्मलेले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘प्रोजेक्ट एको’ याच विचाराने उभा केला. तज्ज्ञ दूरच्या रुग्णाला थेट बरे करत नसत. रुग्णामागून रुग्णाची चर्चा करत ते दूरच्या प्राथमिक वैद्यकांना शिकवत. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेपॅटायटिस सीचा उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के आणि या दूरस्थ केंद्रांत ५८.२ टक्के आढळले. ज्ञान परिघावर रुजले, तर परिघ केंद्राच्या तोडीचे काम करतो, याचा तो पुरावा. भारतात आज परिचारिका रुग्ण दाखवते आणि सल्ला घेते. तिने केलेले निरीक्षण बरोबर होते की चूक, अंतिम निदान काय झाले, हे तिला क्वचितच कळवले जाते. ती माहिती परत पोचली, तर पाच वर्षांनी त्याच केंद्रातून पुष्कळ कमी प्रश्न तज्ज्ञाकडे जातील. चांगल्या दूरवैद्यकाची ही उलटी वाटणारी पण खरी कसोटी आहे: ते जितके यशस्वी, तितकी त्याची गरज कमी.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे कामाचे मोठे क्षेत्र खुले आहे. उपकेंद्राच्या गोंगाटात चालणारा स्वस्त इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप, दिव्याच्या रंगाने न फसणारी फिकेपणाची तपासणी, संपर्क तुटला तरी नोंद जपून ठेवणारी प्रणाली, परिचारिकेचे लिखाण वाढवण्याऐवजी कमी करणारी रचना, हे सारे प्रश्न सोडवण्याजोगे आहेत. मात्र प्रत्येक नव्या साधनाला एक प्रश्न आधी विचारावा: हे वापरल्याने परिचारिकेचा रुग्णासोबतचा वेळ वाढतो की पडद्यासोबतचा?

दहा कोटींच्या आकड्याने भारताने एक गोष्ट सिद्ध केली आहे, की तज्ज्ञाचा आवाज गावापर्यंत पोचवता येतो. आता सिद्ध करायची गोष्ट अवघड आहे. तो आवाज ऐकून कृती करणाऱ्या व्यक्तीला ज्ञान, औषध, अधिकार आणि सन्मान देता येतो का? पडद्याचा खर्च एकदा होतो. या चार गोष्टींचा खर्च दरवर्षी करावा लागतो. अर्थसंकल्पात कोणत्या खर्चाला जागा मिळते, यावरून पुढचे दहा कोटी सल्ले कोणाच्या उपयोगी पडतील हे ठरेल.

#दूरवैद्यक #ग्रामीणआरोग्य #परिचर्या #विज्ञानविचार